बोनाव्हेंचर: ओकच्या छायेतली दफनभूमी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराच्या पूर्वेला विल्मिंग्टन नदीच्या उंच काठावर बोनाव्हेंचर दफनभूमी आहे. विस्तार सुमारे १०० एकर. इथल्या ओकच्या रांगा थडग्यांच्या आधीच्या आहेत. १७६० च्या दशकात जॉन मलराईन आणि त्याचा जावई जोसाया टॅटनॉल यांचा इथे मळा होता आणि वाटांच्या दुतर्फा लाइव्ह ओक लावले गेले, ते त्या मळ्याच्या काळात. मळ्यातले कष्ट आफ्रिकी वंशाचे गुलाम उपसत होते. या जागेचे गोडवे गाताना ही गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती राहू नये.

स्वातंत्र्ययुद्धात सासरा-जावई इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले, म्हणून १७८२ मध्ये मळा जप्त झाला. जावयाच्या मुलाने, धाकट्या जोसाया टॅटनॉलने, पुढे तो परत मिळवला. १८०१ मध्ये तो जॉर्जियाचा गव्हर्नर झाला. त्याच्या मुलाने, आरमारी अधिकारी असलेल्या तिसऱ्या जोसायाने, १८४६ मध्ये मळा पीटर विल्टबर्गर या हॉटेलमालकाला विकला. घराण्याच्या कबरी मात्र जपायच्या होत्या. त्यांच्याभोवतीच सार्वजनिक दफनभूमी वाढली. १९०७ मध्ये सव्हाना शहराने ती विकत घेतली.

मळा विकला गेला त्या काळी शहराबाहेर झाडाझुडपांत, बागेसारखी दफनभूमी आखण्याची रीत अमेरिकेत रुजत होती. बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्न उघडली, ती या रीतीची सुरुवात. बोनाव्हेंचरला मात्र झाडे लावून ती वाढण्याची वाट पाहावी लागली नाही. ओकच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात, त्या स्पॅनिश मॉसच्या. हे शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली सपुष्प वनस्पती आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या दमटपणावर आणि पावसावर जगते. १८६७ मध्ये मेक्सिकोच्या आखाताकडे पायी निघालेला जॉन म्युअर भावाकडून पैसे येईपर्यंत इथेच थडग्यांमध्ये मुक्कामाला होता. पुढे अमेरिकेतल्या निसर्गरक्षणाचा मोठा पुरस्कर्ता ठरलेल्या या माणसाला इथल्या ओकांनी भारून टाकले होते.

शिल्पांपैकी सर्वांत लोकप्रिय आहे ते ग्रेसी वॉटसनचे. हॉटेल-व्यवस्थापकाची ही सहा वर्षांची मुलगी १८८९ मध्ये न्यूमोनियाने गेली. जॉन वाल्झ या शिल्पकाराने छायाचित्रावरून तिची पूर्णाकृती मूर्ती संगमरवरात घडवली. शेजारी वेलीने वेढलेला झाडाचा बुंधा आहे. तोडलेला बुंधा म्हणजे अर्ध्यात खुंटलेले आयुष्य, ही त्या काळच्या स्मारकांतली सर्वांना उमगणारी खूण होती. भोवती लोखंडी कठडा आहे.

ज्या दमट हवेमुळे हे सौंदर्य टिकते, तीच संगमरवराच्या मुळावर येते. सावलीत शेवाळ आणि दगडफूल चढते, पावसातले सौम्य आम्ल दगड विरघळवते, अक्षरे पुसट होतात. असे दगड साफ करण्याचे काम सावकाशीचे आहे. आधी दगड पाण्याने पुरता भिजवायचा, मग मऊ ब्रशने खालून वर घासायचे, म्हणजे मळकट ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. तारेचा ब्रश पृष्ठभाग खरवडतो. ब्लीचमधले क्षार दगडात मुरतात आणि त्यांचे स्फटिक झाले की दगड आतून फुटतो. एकदा गेलेले अक्षर परत येत नाही, म्हणून थोडा डाग राहिला तरी तो राहू द्यावा.

१९९४ मध्ये जॉन बेरेंट यांच्या सव्हानावरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इथल्या ‘बर्ड गर्ल’ या शिल्पाचे छायाचित्र आले आणि पर्यटकांची रीघ लागली. सिल्व्हिया शॉ जडसन यांचे हे शिल्प अखेर सुरक्षिततेसाठी संग्रहालयात हलवावे लागले. २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळाने ओक उन्मळून थडग्यांवर पडले आणि दफनभूमी काही काळ बंद ठेवावी लागली. गीतकार जॉनी मर्सर आणि कवी कॉनरॅड एकेन इथेच विसावले आहेत. एकेनच्या थडग्यावर बसायला बाक आहे. आजही इथे दफनविधी होतात.