संगणक जागा होताना कुठे अडतो?

काही दिवसांपूर्वी एका शाळेतून आमच्याकडे पुठ्ठ्याचे एक खोके आले. त्यात 'रास्पबेरी पाय ३' या प्रकारचे सात छोटे संगणक होते. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून 'खराब' असे लिहिले होते. घेऊन आलेल्या शिक्षकांनी सांगितले, की त्यांतला एक नववीतल्या एका मुलीच्या हातून बिघडला. तिने तो सुरू केला आणि पडदा काळाच राहिला. तेव्हापासून ती या संगणकांना हात लावत नाही.

तीन दिवसांत सातांपैकी सहा संगणक चालू झाले. त्यासाठी आम्ही एकही नवा सुटा भाग जोडला नाही. हे कसे झाले ते समजण्यासाठी, विजेची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत संगणकात काय घडते ते आधी पाहू या.

विरजण कुठून येते?

रास्पबेरी पाय हा एकाच पटावर मावणारा संगणक आहे. आकार साधारण एटीएम कार्डाएवढा. केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पट विक्रीस आला. त्यावर सहसा लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. नखाएवढ्या मायक्रो-एसडी कार्डावर ही सारी प्रणाली साठवलेली असते.

इथे एक कोडे आहे. कार्डावरची आज्ञावली वाचायची, तर वाचण्याचे काम करणारी आज्ञावली आधी चालू असली पाहिजे. मग तिला कोणी वाचले? दूध दह्यात बदलायला थोडे दही आधी लागते, तसाच हा प्रकार. संगणकाचे विरजण म्हणजे मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कायमची कोरलेली एक लहानशी आज्ञावली. ती पुसता येत नाही आणि बदलताही येत नाही. विद्यार्थ्याने कोणतीही कळ दाबली, तरी तिला धक्का लागत नाही. ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी.

पाच पायऱ्या

पाय ३ मध्ये पुढील घटना क्रमाने घडतात.

१. चिपमधली कोरलेली आज्ञावली जागी होते आणि कार्डाच्या पहिल्या भागात 'बूटकोड' नावाची फाइल शोधते.

२. बूटकोड मुख्य स्मृती चालू करते आणि 'स्टार्ट' नावाची मोठी फाइल वाचून घेते. गंमत म्हणजे, इथपर्यंतचे काम मुख्य प्रक्रियक करत नाही. चित्रे रंगवणारा प्रक्रियक ते करतो आणि मुख्य प्रक्रियक झोपलेलाच असतो.

३. 'स्टार्ट' फाइल पडद्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा चौकोन दाखवते, 'कॉन्फिग' फाइलमधल्या सूचना वाचते, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल स्मृतीत आणते आणि मग मुख्य प्रक्रियकाला उठवते.

४. कर्नेल पटावरील उपकरणे ओळखतो आणि कार्डाचा दुसरा भाग उघडतो. सर्व कार्यक्रम व विद्यार्थ्यांच्या फाइली त्या भागात असतात.

५. शेवटी कर्नेल पहिली प्रक्रिया सुरू करतो. ती एकेक सेवा चालू करते आणि पडद्यावर नेहमीचे चित्र दिसते.

२०१९ साली आलेल्या पाय ४ मध्ये बूटकोडचे काम पटावरच्याच एका छोट्या स्मृतीतील आज्ञावली करते. बाकी क्रम जवळजवळ हाच.

'संगणक सुरू होत नाही' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. तो कितव्या पायरीवर थांबला, हा खरा प्रश्न.

दिव्यांची भाषा

याचे उत्तर मिळवायला पडदासुद्धा नेहमी लागत नाही. पटावर दोन बारीक दिवे असतात. लाल दिवा विजेचा, हिरवा कार्डाच्या वाचनाचा. हिरवा दिवा एकदाही लुकलुकला नाही, तर पहिलीच पायरी चुकली असण्याचा संभव मोठा. कार्ड नीट बसलेले नाही किंवा बूटकोड फाइल सापडलेली नाही. तो चार वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा चार वेळा लुकलुकतो, तेव्हा 'स्टार्ट' फाइल सापडलेली नसते. सात वेळा लुकलुकला, तर कर्नेल सापडलेला नसतो.

रंगीत चौकोन हा मधला मैलाचा दगड. तो दिसला, की पहिल्या दोन पायऱ्या निर्दोष. तिथेच अडकला, तर कर्नेलकडे पाहावे. जुन्या काळी तयार केलेले कार्ड नव्या पटात घातले, तर हे हमखास घडते. कारण जुन्या फाइलींना नव्या पटाची ओळखच नसते. चौकोनानंतर अक्षरे धावू लागली आणि मग थांबली, तर दोष चौथ्या किंवा पाचव्या पायरीत आहे. तेव्हा शेवटच्या चार ओळी वहीत उतरवून घ्याव्यात.

पहिला संशयित: वायर

आमच्या खोक्यातील तीन संगणकांचा दोष संगणकात नव्हताच. लाल दिवा मध्येच विझत होता. पाय ३ मध्ये विद्युतदाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की हा दिवा विझतो.

शाळेने मोबाइलचे चार्जर आणि लांब, बारीक वायरी वापरल्या होत्या. चार्जरचा दाब मोजला, तर ५ व्होल्ट भरला. मग दोष कुठे? ओहमचा नियम आठवावा. समजा, येणाऱ्या व जाणाऱ्या तारांचा मिळून रोध ०.५ ओहम आहे. संगणक जागा होताना १ अँपिअर धारा घेत असेल, तर वायरीतच ०.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि पटापर्यंत ४.५ व्होल्टच पोचतात. धारा वाहत नसताना मोजले, तर हा तोटा दिसत नाही. म्हणून दाब मोजायचा तो संगणक चालू असताना आणि वायरीच्या पटाकडील टोकाला. जाड, आखूड वायर व २.५ अँपिअरचा चार्जर लावताच तिन्ही संगणक उठून बसले. त्या मुलीचा संगणक या तिघांतलाच होता.

कार्डाची दुखणी

दोन संगणकांत कार्डावरील नोंदी विस्कटल्या होत्या. तास संपल्याची घंटा झाली, की मुले सरळ बटण बंद करत. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत बदलांची एक रोजकीर्द ठेवलेली असते. त्यामुळे अर्धवट राहिलेला व्यवहार बहुतेक वेळा सावरता येतो. पण लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर कार्डाच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदी बिघडू शकतात आणि त्यापुढे रोजकीर्दीचा इलाज चालत नाही. अशा कार्डावरील फाइली दुसऱ्या लिनक्स संगणकावर काढून घ्याव्यात आणि मगच कार्ड नव्याने तयार करावे.

एक धोक्याची सूचना. हे कार्ड विंडोज संगणकात घातले, तर पहिला भाग दिसतो. दुसरा भाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो 'फॉरमॅट करू का?' असे विचारतो. इथे 'हो' म्हटले, की विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम गेले!

सहाव्या संगणकाची कथा निराळी होती. कोणीतरी पेनड्राइव्ह आपोआप जोडला जावा म्हणून 'एफएसटॅब' या यादीत एक ओळ लिहिली होती. पुढे पेनड्राइव्ह हरवला. प्रणाली दर वेळी दीड मिनिट त्याची वाट पाही आणि मग आणीबाणीच्या स्थितीत जाऊन थांबे. कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकावर उघडून ती ओळ काढली, एवढाच उपाय. सातवा पट मात्र खरोखरच गेला होता.

एका वेळी एकच बदल

पहिल्या दिवशी आम्हीही एक चूक केली. घाईने एका संगणकाचे कार्ड आणि वायर दोन्ही एकदम बदलले. तो चालू झाला, पण दोष कशात होता ते कळलेच नाही. जुनी वायर पुन्हा लावून सारे पहिल्यापासून करावे लागले. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच चल बदलतो, बाकी सारे स्थिर ठेवतो. इथेही तोच नियम. खात्रीने चालणारे एक कार्ड, एक चार्जर आणि एक वायर शाळेने कपाटात निराळी ठेवावीत आणि तपासताना यांपैकी एकच वस्तू बदलून पाहावी.

संगणक परत करायला आम्ही शाळेत गेलो, तेव्हा जुनी वायरही बरोबर नेली. त्या मुलीला ती जोडायला सांगितली आणि दाब मोजायला लावला. आकडा ४.५ च्या आसपास आला. मग तिने वायर बदलली व पुन्हा मोजले. दोन्ही आकडे तिने फळ्यावर लिहिले आणि सर्वांसमोर विचारले, "म्हणजे माझ्यामुळे नव्हता ना बिघडला?" शिक्षकांनी 'खराब' लिहिलेली चिकटपट्टी काढली आणि त्या वायरीला लावली.