काच फुटली कशाने, हे विमा आधी विचारतो

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. माड, फणस कोसळले, छपरे उडाली, तावदाने फुटली. त्याच्या दीडच महिना आधी, १ एप्रिल २०२१ पासून, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी लागू झाली होती. पेडणे किंवा डिचोलीतल्या घराला लागू होणाऱ्या तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात. तरीही त्या अटींबद्दल भलत्याच समजुती ऐकू येतात.

त्यातली सर्वांत नुकसानकारक समजूत म्हणजे ‘वादळ ही देवाची करणी, त्याचे पैसे विमा कसा देईल?’ खरे तर वादळ, पूर, वीज, भूकंप, दरड यांच्यासाठीच ही पॉलिसी आहे. तिच्यात ‘बाहेरील वस्तूचा आघात’ हेही संरक्षण आहे. झाड पडणे किंवा वाहन आदळणे त्यात मोडते. मोरजीत माड कलंडून खिडकीवर पडला किंवा डिचोलीत ट्रक भिंतीवर आदळून तावदान गेले, तर दावा करता येतो. दंगलीत वा कुणी खोडसाळपणे दगड मारून काच फोडली, तर तेही नुकसान पॉलिसीत येते. त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवून ठेवावी.

चौकट वाळवीने खाल्ली, पावसाळ्यामागून पावसाळे सोसून लाकूड कुजले आणि एक दिवस काच निखळली, तर मात्र दावा बसत नाही. तिथे घटना नाही, झीज आहे. पुसताना स्वतःच्या हातून काच फुटली, तरी मूळ पॉलिसी उपयोगाची नाही. काचेच्या अपघाती फुटीसाठी ‘प्लेट ग्लास’ नावाचे वेगळे संरक्षण असते, ते मुद्दाम मागून घ्यावे लागते. मोठ्या काचा लावलेल्या नव्या बंगल्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

चोराने खिडकी फोडली तर? चोरीचे संरक्षण मूळ पॉलिसीत जवळजवळ नाहीच. वादळासारख्या विमित घटनेमुळे, ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरली जाते. एरवी घरफोडीसाठी जादा संरक्षण घ्यावे लागते. वर्षातून चतुर्थीलाच उघडणाऱ्या घरांच्या मालकांना हे माहीत असायला हवे. घर बराच काळ बंद राहणार असेल, तर तेही कंपनीला लेखी कळवून ठेवावे.

‘विमा उतरवायचा तर जागेचा भाव धरावा लागेल, तो कोण भरणार?’ असेही लोक म्हणतात. मोपा विमानतळानंतर पेडण्यातल्या जमिनीचे भाव चढले, पण विम्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, तेवढाच विचार होतो आणि पक्की बसवलेली खिडकी त्या इमारतीचाच भाग असते. इमारतीचा विमा असला की घरातल्या सर्वसाधारण सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. तिळारी धरणाच्या पाण्याने साळ, इब्रामपूर, चांदेल ही गावे बुडाली तेव्हा लोकांनी खिडक्यांपेक्षा सामानच जास्त गमावले असणार.

गृहकर्जाबरोबर काढलेला विमा घराचाच असतो, असेही धरून चालू नका. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कागद काढून पाहा.

काच फुटल्यावर ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही’ म्हणून पाऊस आत येऊ देणे तर फारच चुकीचे. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, मग ताडपत्री बांधा. नुकसान वाढू न देणे ही विमेदाराचीच जबाबदारी आहे. फुटके तुकडे आणि दुरुस्तीचे बिल जपून ठेवा. झाड हटवायला अग्निशमन दल आले असेल, तर त्यांच्या नोंदीचा दाखला मागा. पॉलिसीत स्वतः सोसायची रक्कम लिहिलेली असेल तर ती आधी वजा होते. म्हणून एका तावदानासाठी दावा करण्यापूर्वी हिशेब करून बघा.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. तिथे समाधान झाले नाही किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.