पक्षकाराच्या नावापुढची जात

न्यायालयीन लेखनात भेदभाव बहुधा ठरलेल्या नमुन्यातून येतो. अर्जाच्या पहिल्याच पानावर नाव, वडिलांचे नाव, वय, जात, धंदा, पत्ता हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. टंकलेखक जुना अर्ज उघडतो, नावे बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो. मग भाडेकरूच्या दाव्यातही जात येते, जिचा वादाशी काडीचा संबंध नसतो. पुरुष वडिलांच्या नावाने ओळखला जातो. बाई अमक्याची पत्नी, नाहीतर अमक्याची बेवा.

१० जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक प्रकरणात जातीच्या या उल्लेखावर बोट ठेवले. खालच्या न्यायालयाच्या कागदात जात होती; ती गाळली असती तर रजिस्ट्रीने आक्षेप घेतला असता, असे वकिलाने सांगितले. उत्तर प्रामाणिक होते, आणि सवय कशी टिकते तेही त्यातून कळते. पक्षकाराच्या नावापुढे जात वा धर्म यापुढे लिहू नये, असा आदेश सर्व उच्च न्यायालयांसाठी आणि त्यांच्या अखत्यारीतील न्यायालयांसाठी निघाला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयही त्यात आले.

याच न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाचा ३० जुलै २०२० चा जामीन आदेश अधिक गंभीर. शेजारणीच्या घरात शिरून तिचा लैंगिक छळ केल्याचा आरोप असलेल्याला अट घातली गेली: राखीपौर्णिमेला पत्नीसह मिठाई घेऊन तिच्याकडे जावे, राखी बांधण्याची विनंती करावी, रक्षणाचे वचन द्यावे आणि ओवाळणीचे ११,००० रुपये द्यावेत. आदेशाची भाषा सणाची, मायेची. पण त्या भाषेने फिर्यादीला बहीण करून टाकले आणि गुन्ह्याला घरगुती रुसवा. ११,००० रुपये ना दंड, ना भरपाई. तरी ते जामिनाच्या अटीत बसले. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि बाईचा पोशाख, वागणूक, पूर्वायुष्य यांवर आदेशात शेरे मारू नयेत, असे बजावले.

१६ ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, लिंगभेदी साचेबद्ध भाषेवरच्या पुस्तिकेत पर्यायी शब्दांची सूची आहे. ‘शीलवान स्त्री’ऐवजी नुसते ‘स्त्री’, ‘प्रक्षोभक कपडे’ऐवजी नुसते ‘कपडे’. यातले बरेच काम विशेषण खोडण्याचेच आहे.

जबाबाला मात्र हात लावता येत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटल्यात अनेकदा जातिवाचक शिवी हाच पुरावा असतो. ती जशी उच्चारली तशीच उतरवावी लागते, आणि फिर्यादीची जातही लिहावी लागते. तिथे सौम्य शब्द घातला तर खटलाच लंगडा पडतो.