‘जुने’ आणि ‘कालबाह्य’ : काही जर्मन वाक्प्रचारांचा अर्थविचार

१७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चमधील घंटा देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर व वाईजवळील मेणवली येथे त्या आजही आहेत. या घंटा जुन्या खऱ्या, परंतु त्यांस कालबाह्य कोणी म्हणणार नाही. वस्तू जुनी होणे आणि तिचा काळ सरणे या भिन्न गोष्टी होत. जर्मन भाषेतील नित्य व्यवहाराचे वाक्प्रचार या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलतात. आणि काळ कोणत्या कारणाने सरला, हेही सांगतात.

‘काल्टर काफे’, म्हणजे थंड कॉफी, हे शिळ्या वार्तेस म्हणतात. येथे नावीन्य सरलेले असते. मराठीतील ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ हा प्रयोग जवळचा वाटतो. तथापि त्यात दोष ऊत आणणाऱ्यास लागतो, तर जर्मन प्रयोगात तो वार्तेसच लागतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा सरसकट योजता येत नाही.

‘आल्टर त्सॉप्फ’, म्हणजे जुनी वेणी, हे निरर्थक झालेल्या रूढीस म्हणतात. अठराव्या शतकात प्रशियाच्या सैनिकांस वेणी बांधावी लागे. पुढे ती जुनाट सत्तेचे चिन्ह ठरली, आणि १८१७ साली वार्टबुर्ग येथील मेळाव्यात विद्यार्थ्यांनी अशी एक वेणी जाळली. अशा रूढी मोडण्यास जर्मन भाषेत आजही ‘जुन्या वेण्या कापणे’ असेच म्हणतात. येथे सरते ते रूढीचे औचित्य.

‘आल्टेस आयझन’, म्हणजे जुने लोखंड, हा प्रयोग माणसांसही लागतो. ‘मोडीत काढणे’ हा त्याचा मराठी जोडीदार होय. दोहोंच्या मुळाशी निकामी धातूची कल्पना आहे. येथे उपयोगिता सरलेली मानली जाते. म्हणूनच वयोवृद्ध जर्मन मनुष्य ‘मी अद्याप जुन्या लोखंडात जमा झालो नाही’ असे स्वतःविषयी अभिमानाने म्हणतो. तोच प्रयोग दुसऱ्याने त्याच्याविषयी होकारार्थी केला तर तो अपमान ठरतो. ‘जुना’ एवढाच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथे फसतो, आणि आदरणीय गुरुजनांस नकळत दुखावतो.

तेव्हा वाक्प्रचार निवडण्यापूर्वी नावीन्य, औचित्य व उपयोगिता यांपैकी काय सरले, हे ठरवावे. वसईच्या घंटांच्या बाबतीत यांपैकी उपयोगिता आणि औचित्य ही दोन्ही टिकून आहेत. त्यांस केवळ ‘आल्ट’, म्हणजे जुन्या, म्हणावे.