उकिरड्यातला मल्चिंग पेपर

टोमॅटो, मिरची किंवा कलिंगडाचा प्लॉट संपला की मल्चिंग पेपर ओढून काढतात. मातीत दाबलेली कड मात्र तुटून राहते आणि पाल्याबरोबर शेणखताच्या उकिरड्यात जाते. मुरघासाच्या बॅगांचे तुकडेही तिथेच.

हा पेपर पॉलिथिनचा, जाडी बहुधा 25 ते 30 मायक्रॉन. खताचा चांगला ढीग 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यात तणाचं बी आणि रोगजंतू मरतात, पण पॉलिथिन जिवाणूंना पचत नाही. उन्हाने आधीच ठिसूळ झालेला पेपर ढिगाच्या दर पलटीला आणखी फाटतो. 5 मिलिमीटरपेक्षा लहान झाला की तो सूक्ष्मप्लास्टिक, आणि चाळणीतूनही खतात उतरतो. मूठभर खत तळहातावर पसरून पाहा, काळ्या-चंदेरी चकत्या उन्हात चमकतात. शेतात गेल्यावर त्या वेचणं अशक्यच. म्हणून ढीग रचण्याआधी, तुकडे मोठे असतानाच, हाताने वेचावेत. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

‘कुजणारी’ फिल्म घेताना नीट विचारा. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ प्रकारचं प्लास्टिक कुजत नाही, त्याचा नुसता भुगा होतो. युरोपीय संघाने 2021 पासून त्यावर बंदी घातली आहे.