कुकडीच्या कांठीं

नद्यांचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचितों. त्यांत बहुधा गंगा-गोदावरीच असतात. आमच्या आळ्याच्या पलीकडून वाहणारी कुकडी त्यांच्या मानानें फारच लहान. तरी आज तिच्याविषयीं दोन शब्द ऐकावेत.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, पूर येथें, कुकडेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशीं ती उगम पावते. जुन्नराजवळून ती पूर्वेस येते, तेव्हां छत्रपति शिवाजीमहाराजांचें जन्मस्थान जो शिवनेरी, तो जवळच उभा असतो. पुढें ओझर येथें अष्टविनायकांपैकीं विघ्नहर. ज्या रेड्याच्या मुखें ज्ञानेश्वरांनीं वेद वदविले असें परंपरा सांगते, त्याची समाधि आमच्या आळ्यास आहे. हीं स्थळें सर्वांच्या परिचयाचीं आहेत.

परंतु येडगांवच्या धरणाखालीं, बोरी येथें, नदीच्या दरडींत एक पांढुरका थर आहे. दिसावयास माती, पण ती ज्वालामुखीची राख होय! महाराष्ट्राचा काळा कातळ लाव्ह्याचाच खरा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. ही राख त्याची नव्हे. सुमात्रा बेटांतील टोबा पर्वताचा स्फोट झाला, तेव्हां कांचेचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येथवर आले, आणि पावसानें धुऊन आलेले ते कण नदीनें आपल्या गाळांत सांचविले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत या थराकडे जगाचें लक्ष वेधलें. येथेंच आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही सांपडलीं. राखेचें वय ठरलें, कीं त्या हत्यारांच्या काळाचाही अंदाज बांधतां येतो. म्हणूनच हा स्फोट सुमारें पाऊण लाख वर्षांपूर्वींचा, कीं सुमारें आठ लाख वर्षांपूर्वींचा, याविषयीं विद्वानांत मोठा वाद झाला.

मीं आयुष्यभर मास्तरकी केली. मुलांच्या सहली समाधीस नेल्या, ओझरास नेल्या; याच दरडीच्या सावलींत बसवून त्यांना भाकरी खाऊं दिली. पाठीशीं काय आहे, हें मलाच ठाऊक नव्हतें, तर त्यांना काय सांगणार? ती चुकामूक आज भरून काढीत आहें.

देवळास पुजारी असतो, किल्ल्यास पहारा असतो. नदीच्या दरडीस कोण असणार? एखाद्या मोठ्या पुरानें अगर फावड्यानें हा थर एकदां गेला, कीं तो पुन्हा घडवितां यावयाचा नाहीं. ओझरास दर्शनाला याल, तेव्हां घटकाभर बोरीस जरूर थांबा, मुलांना तो थर दाखवा. मात्र चिमूटभर राखही बरोबर नेऊं नका.