मालाचा डबा, माणसाचं घर

गेल्या दोन-तीन वर्षांत एकाच धाटणीचा व्हिडिओ मला निदान आठ-दहा जणांनी पाठवला आहे. अ‍ॅरिझोनातलं वाळवंट, कलतं ऊन आणि चाकांवर उभा असलेला एक पांढरा पत्र्याचा डबा. दार उघडतं. आत लाकडी पलंग, फळीवर दोन कुंड्या, शेगडीवर चहाचं आधण. ना भाडं, ना वीजबिल, ना सोसायटीची सभा. पाठवणाऱ्यांत न्यू जर्सीत घराचे हप्ते फेडणारा माझा भाचा आहे, तसेच मावळात अर्धा एकर घेऊन बसलेले एक निवृत्त स्नेहीही आहेत. दोघांचा प्रश्न एकच: हे खरंच इतकं सोपं असतं का?

व्हिडिओ खोटा नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी राहणारी माणसं आहेत. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात चाकांवर राहणाऱ्यांची हकिगत लिहिली आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ती जगाला ठाऊक झाली. कुणी व्हॅनमध्ये राहतं, कुणी जुन्या बसमध्ये. हातात हत्यारं आणि खिशात बेताचे पैसे असलेले बरेच जण कार्गो ट्रेलर घेतात. मोटारीमागे ओढायचा हा बंद डबा सुतार, बागकामवाले, मोटरसायकली नेणारे वापरतात. तयार कॅराव्हॅनपेक्षा तो बराच स्वस्त पडतो.

पण तो मालासाठी बनवलेला असतो. मालाला श्वास घ्यायचा नसतो, स्वयंपाक करायचा नसतो, आणि आग लागली तर मालाला पळायचं नसतं. हे विसरलं की पुढचे गैरसमज ओळीने येतात.

गैरसमज: डबा मजबूत आहे, हवं तेवढं भरा

सहा फूट रुंद, बारा फूट लांब, एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर बघा. त्याच्या अ‍ॅक्सलची ताकद सहसा ३,५०० पौंड असते, पण पाटीवर मान्य वजन असतं २,९९० पौंड. हा विचित्र आकडा येतो कुठून? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. दहा पौंड कमी लिहिले की ब्रेकचा खर्च वाचतो. म्हणजे ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक दोघांचं काम करतात.

२,९९० पौंड म्हणजे सुमारे १,३५५ किलो. रिकामा डबाच साडेसहाशे किलोंच्या आसपास असतो. उरले सातशे. आता मांडा हिशेब. बारा मिलिमीटर प्लायवूडची आठ बाय चार फुटांची एक शीट वीस किलोंच्या घरात. पलंग, कपाट, ओटा यांत दहा शीट सहज जातात. चाळीस गॅलन पाणी म्हणजे दीडशे किलो. दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साठ किलो, सोलरचे पॅनल तीस, शिवाय गॅसची टाकी, फ्रिज, गादी, हत्यारं, तांदूळ-डाळ. सातशे कधी संपले ते कळत नाही. म्हणून जाणकार दोन अ‍ॅक्सलचा, ब्रेकवाला, सात बाय चौदाचा डबा घेतात. त्याची मान्यता बहुधा ७,००० पौंडांची असते.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. एकूण भाराच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. पाण्याची टाकी सोयीसाठी मागच्या टोकाला बसवली की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातो.

गैरसमज: आतून थर्माकोल ठोकला की थंडी-ऊन संपलं

या डब्याचा सांगाडा लोखंडी, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून नऊ-दहा मिलिमीटर प्लाय. लोक दोन लोखंडी खांबांच्या मधल्या पोकळीत फोमचे तक्ते बसवतात आणि काम झालं म्हणतात. पण लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून अधिक सहज वाहते. दर सोळा किंवा चोवीस इंचांवर उभा असलेला खांब म्हणजे थंडीला दिलेली उघडी वाट. खांबांवरूनही फोमचा एक सलग थर घ्यावा लागतो. तो घेतला की मुळात अरुंद असलेली खोली आणखी दोन-तीन इंच आवळते. उंचीचंही तेच. साधा डबा आतून सहा-साडेसहा फूट असतो. खाली-वर थर दिल्यावर उंच माणसाने डोकं सांभाळूनच वावरायचं. चकचकीत बुडबुड्यांचा कागद भिंतीला घट्ट चिकटवणाऱ्यांचं तर मला नवल वाटतं. त्या चकाकीचा उपयोग समोर हवेची फट असेल तरच होतो.

पण गारठ्याहून मोठा शत्रू पाणी आहे, आणि ते पावसाचं नव्हे. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास, कधी जास्तही, पाणी हवेत सोडतो. आपल्या घरात ते कुठे जातं हे कळतही नाही. सात बाय चौदाच्या बंद डब्यात ते थंड पत्र्यावर, खिळ्यांच्या डोक्यांवर, खिडकीच्या चौकटीवर थेंबाथेंबाने जमतं. त्यात थंडी म्हणून कुणी धुराडं नसलेला गॅसचा हीटर लावला, तर भरच. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे, त्यात वादाला जागा नाही. मध्यम आचेवर रात्रभर चाललेला छोटा हीटर लिटरभर पाणी त्याच हवेत ओततो. दोन हिवाळ्यांत गादीखालचं प्लाय काळं पडतं, भिंतीतला काचतंतूंचा कापूस ओल्या गोधडीसारखा लोंबतो.

आणि ही झाली सौम्य बाजू. हवा अपुरी पडली की तोच हीटर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. म्हणून हीटर असा हवा, जो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच टाकतो. छतात पंखा, खाली हवा यायला झरोका, आणि मोनॉक्साइडचा अलार्म. कडाक्याच्या थंडीतही झरोका थोडा उघडा ठेवायचा, हे नवख्यांच्या गळी उतरत नाही. इतक्या कष्टाने गरम केलेली हवा बाहेर कशाला सोडायची? कोरडं राहण्यासाठी.

गैरसमज: दार आहे, म्हणजे बाहेर पडता येतं

ही गोष्ट व्हिडिओत मला एकदाच दिसली, म्हणून ठासून सांगतो. टेम्पोचा फाळका आठवा. त्याची कडी बाहेरून लागते, कारण आत बसून फाळका उघडायचं मालाला काही कारण नसतं. कार्गो ट्रेलरच्या मागच्या दाराचा लोखंडी दांडाही तसाच, बाहेरूनच फिरणारा. स्वस्त डब्यांत बाजूच्या दारालाही कधीकधी तोच दांडा असतो. तुम्ही आत झोपलात आणि कुणी गंमत म्हणून, किंवा चांगल्या हेतूनेही, तो दांडा लावला तर डबा तुरुंग झाला.

शेगडी बहुतेक वेळा दारालगत असते, कारण तिथे हवा असते. आग तिथेच लागली तर? म्हणून बाजूचं दार आतून उघडणारंच घ्यायचं, मागच्या दाराच्या दांड्याला आतून सोडवायची सोय करायची, आणि पलंगाजवळ माणूस बाहेर पडू शकेल एवढी, आतून ढकलून उघडणारी खिडकी कापायची. पत्रा कापायला जीव धजावत नाही, हे मी समजू शकतो. पण पडद्यांवर आणि दिव्यांच्या माळांवर खर्च करण्याआधी ही खिडकी.

गैरसमज: सोलर बसवलं की वीज फुकट आणि मुबलक

छतावर शंभर वॉटचे चार पॅनल. कागदावर ४०० वॉट. हिवाळ्यात सपाट ठेवलेल्या पॅनलला पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला साडेतीनेक तासच मिळतं असं धरा. तारा, धूळ आणि यंत्रणेतली गळती वजा करा. हाती येतं दिवसाला साधारण एक युनिट. त्यातलं अर्धं छोटा कॉम्प्रेसर फ्रिज खातो. उरलेल्यात दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप. काटकसरीने राहणाऱ्याला हे पुरतं, मजेत पुरतं. पण छतावरचा एसी चालू असताना ताशी एक-दीड युनिट ओढतो. म्हणजे दिवसभराची कमाई तासाभरात संपली. म्हणूनच ही मंडळी एसी लावण्यापेक्षा डबाच हलवतात. हिवाळ्यात वाळवंट, उन्हाळ्यात डोंगर. चाकांचा खरा उपयोग हाच.

बॅटरीबद्दल एवढंच: बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिट मावतं. लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातलं निम्मंच वापरायचं, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण पारा शून्याखाली असताना ती चार्ज केली तर कायमची बिघडते. वाळवंटातल्या रात्री थंड असतात, तेव्हा ती डब्याच्या आत ठेवायची.

गैरसमज: कारखान्यात बनलेलं ते सुरक्षित, घरी केलेलं ते धोक्याचं

उलट टोकाचा हा गैरसमज भाच्याच्या बायकोचा. तिची भीती अगदीच अनाठायी नाही, पण एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकी सरकारने बेघरांना कारखान्यात बनलेले हजारो ट्रेलर दिले. लोकांचे डोळे झोंबू लागले, खोकला लागला. सरकारी आरोग्य संस्थेने २००७-०८ च्या हिवाळ्यात ५१९ ट्रेलरांची हवा तपासली. फॉर्मल्डिहाइडचं सरासरी प्रमाण निघालं अब्जात ७७ भाग, नेहमीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. कारण साधं होतं: स्वस्त दाबलेलं लाकूड, त्यातला गोंद आणि कोंडलेली हवा. घरी डबा सजवणाऱ्याला निदान प्लाय कोणतं घ्यायचं हे ठरवता येतं.

संडासाबद्दल थोडक्यात. ‘कंपोस्टिंग टॉयलेट’ या नावाने फसू नका. मैल्याचं खत व्हायला महिने लागतात आणि ती बादली काही दिवसांत भरते. तिचं पुढे काय करायचं, याचं उत्तर आधी शोधा.

गैरसमज: चाकं आहेत, म्हणजे बांधकाम नाही, म्हणजे परवानगी नको

हा युक्तिवाद मावळातल्या स्नेह्यांनीही मला ऐकवला. जमीन बिनशेती करायची, म्हणजे एनएची, कटकट नको म्हणून चाकं! अमेरिकेत तो हजारोंनी करून पाहिला आहे. तिथे घर कुठे आणि कसं असावं हे बहुतांशी काउंटी ठरवते, आणि बऱ्याच काउंट्यांमध्ये स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही ट्रेलरमध्ये वर्षातून ठरावीक दिवसच राहता येतं. कायमचं राहायचं तर सेप्टिक टाकी, पाण्याची व्यवस्था, कधी पक्क्या घराचा परवाना. २०१८ च्या निवासी बांधकाम संहितेत चारशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळी जोडपत्रिका आली खरी, पण ती जमिनीवर पक्क्या बसवलेल्या घरांसाठी. चाकांवरचा डबा त्यात बसत नाही.

कोलोराडोतल्या सॅन लुईस खोऱ्यात स्वस्तात मिळणारे पाच-पाच एकरांचे माळ याचं चांगलं उदाहरण आहेत. टेड कॉनोव्हर यांनी स्वतः तिथे ट्रेलरमध्ये राहून २०२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जमीन स्वस्त, पण वीज नाही, पाणी खोल, वारा अखंड आणि सेप्टिकवरून काउंटीशी भांडण. पाऊस तरी आपला? कोलोराडोत २०१६ पर्यंत बहुतेक घरांना छतावरचं पाणी पिंपात साठवायलाही मनाई होती, कारण नदीच्या पाण्यावर खालच्या लोकांचा आधीचा हक्क. आता दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, एवढी मुभा आहे.

सरकारी माळरानाचं काय? ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर सहसा २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलायचं. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ हिवाळी मुक्कामासाठी आखलेली मैदानं आहेत. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या मोसमाचं शुल्क अनेक वर्षं १८० डॉलर होतं. सात महिन्यांना १८० डॉलर! मुंबईकराला हसू येईल आणि मग रडू. फक्त एप्रिलनंतर काय, हा प्रश्न तिथे प्रत्येकालाच असतो.

जागेच्या लहानपणाला मात्र आपण घाबरायचं कारण नाही. सात बाय चौदा म्हणजे ९८ चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिथे तीन-तीन पिढ्या नांदल्या. फरक इतकाच की चाळीत संडास, पाणी आणि शेजार भिंतीपलीकडे होता. इथे ते तिन्ही स्वतः आणायचे.

भाच्याला मी सांगितलं आहे: ट्रेलर सगळ्यात शेवटी घे. आधी जिथे राहायचं त्या काउंटीच्या कार्यालयाला पत्र लिही, तीन प्रश्न विचार आणि उत्तर लेखी माग. स्वतःच्या जमिनीवर ट्रेलरमध्ये वर्षाला किती दिवस राहता येतं, सांडपाण्याची काय अट आहे, आणि घरी बनवलेल्या डब्याची नोंदणी कशी करायची. मावळातल्या स्नेह्यांना सांगितलं, तलाठ्याकडे जा.